डाव्या हातावरचं दही

आमच्या डॅलसजवळच्या अर्विंगच्या घरात दिवस सुरू व्हायचा तो लाटण्याच्या आवाजाने. आई कणीक आधीच भिजवून ठेवायची आणि उजाडलं की पोळपाट मांडायची. खाली राहणाऱ्या मेक्सिकन कुटुंबाची झोप मोडू नये म्हणून तिने पोळपाटाखाली जुन्या टॉवेलची घडी घातली होती, तरी तो आवाज झिरपायचाच. त्याच्यावर विमानांचा आवाज. विमानतळ इतका जवळ होता की एखादं विमान खाली उतरायला लागलं की भांड्यांच्या मांडणीवरची झाकणं किणकिणायची आणि पप्पा म्हणायचे, "आला बघ, कुणाचा तरी जावई आला." पोळ्या कोपऱ्यावरच्या इंडियन ग्रोसरीत जायच्या. पुण्या-नागपूरची आयटीतली मुलं ऑफिसातून परतताना तिथून पाकिटं उचलायची. पप्पा त्याच दुकानाची व्हॅन चालवायचे. आई चौथीपर्यंत शिकलेली, पप्पा दहावीला अडकलेले, आणि मी युनिव्हर्सिटीत जाणारी आमच्या घरातली पहिलीच. माझी परीक्षा असली की आई लाटणं थांबवायची, हात धुवायची आणि माझ्या तळहातावर चमचाभर दही-साखर ठेवायची. "सगळं येतंय ते दाखवून ये," एवढंच म्हणायची. परीक्षा म्हणजे काय, याची आमच्या घरातली समजूत एवढीच होती. येतंय ते दाखवायचं. येत नाही ते झाकायचं.

आईला आणखी एक विद्या होती. कराडकडच्या तिच्या गावात ती बाळंतिणींना आणि तान्ह्या पोरांना मालीश करायची. इकडे ज्या मुलींच्या आयांना व्हिसा मिळत नसे, त्या पहिल्या बाळंतपणात आईला बोलावत. त्यांच्या मोठ्या घरांतल्या गार कार्पेटवर पाय पसरून आई त्यांच्या पोरांना तेल चोळायची. त्याच मुली मराठी मंडळाच्या गणपतीला भेटल्या की लांबून हसायच्या आणि दुसरीकडे वळायच्या. आईला त्याचं काही वाटत नसे, निदान ती तसं दाखवत नसे. मला वाटायचं. आज चाळिशी उलटल्यावरही वाटतं, हे इथे लिहून टाकलेलं बरं.

मी युनिव्हर्सिटीत असतानाच्या एका उन्हाळ्यात मंडळाला एक ई-मेल आली. शहराबाहेरच्या एका युनिव्हर्सिटीच्या मैदानावर अपंग खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होणार होत्या आणि मॉरिशसचा संघ येणार होता. संघ म्हणजे तीन माणसं. धावणारी एक मुलगी, व्हीलचेअरवरून गोळा फेकणारा एक माणूस आणि त्यांचे मॅनेजर. स्वस्तातली तिकिटं काढल्यामुळे ते चार-पाच दिवस आधीच पोचणार होते आणि हॉस्टेल तर स्पर्धेच्या तोंडावरच उघडणार होतं. मॅनेजरांनी लिहिलं होतं, मी आणि ही मुलगी मूळचे मराठी, आमचे पणजोबा रत्नागिरीहून उसाच्या मळ्यांत कामाला गेलेले, कुणाच्या घरी सोय झाली तर उपकार होतील. मंडळात कुणाची व्हेकेशन होती, कुणाकडे ऑलरेडी गेस्ट होते. शेवटी सेक्रेटरींनी पप्पांना फोन केला. "तुमच्याकडे जमेल का हो? तुम्हाला लोकांचं करायची सवय आहे ना." आणि फोन ठेवताना म्हणाले, "मेडल मिळालं की आपण शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. जिंकू तर देत."

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना लोखंडी आणि लिफ्ट नाही. म्हणून व्हीलचेअरवाला जाँ आणि मॅनेजर रामा सर हायवेलगतच्या मोटेलमध्ये उतरले आणि दर्शनी आमच्याकडे आली. माझ्याहून थोडी मोठी, काळीसावळी, पायांच्या पोटऱ्या दोरासारख्या घट्ट. जिना चढून आली तेव्हा तिचा डावा हात जॅकेटच्या खिशात होता. डॅलसच्या उन्हाळ्यात जॅकेट! आईने तिच्या पायांवर पाणी घातलं आणि भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, तर ती खुदकन हसली. "आयो! आमची आजी पण हेच करायची," ती म्हणाली. तिचं मराठी आजीकडून आणि गणपतीच्या गाण्यांतून आलेलं, थांबत थांबत येणारं, मध्येच तिकडच्या क्रेओल बोलीत पडणारं. हो म्हणायचं तर 'वी' म्हणायची. पण आईचं आणि तिचं पहिल्या दिवसापासून जमलं. आईने पुरणपोळी केली तेव्हा तिने सांगितलं, आमच्याकडे लग्नात डाळ भरलेली पुरी असते, पण तिखट चटणीबरोबर, गोड नाही. आई म्हणाली, "बघ की, समुद्र ओलांडला आणि गूळ विसरले." त्यावर दोघी कितीतरी वेळ हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी जेवताना आईने विचारलंच, "हात का लपवतेस गं?"

दर्शनीने हात टेबलावर ठेवला. पहिल्यांदा पाहताना काही कळायचं नाही. मग दिसायचं, की बोटं हळूहळू आत वळतायत, मनगट खाली पडतंय. जन्मताना काहीतरी झालं होतं. डावा हात आणि डावा पाय घट्ट राहायचे, थकल्यावर जास्तच. तिच्या आईने तिला डॉक्टरकडे नेलं नव्हतं. कागदावर लिहिलं गेलं तर पुढे लग्न कसं होणार? त्याऐवजी तिने पोरीला शिकवलं होतं. फोटोत हात ओढणीखाली ठेवायचा. देवळात थाळी उजव्या हाताने धरायची, डावा नुसता टेकवायचा. चालताना टाच आधी टेकायची. "मी आरशासमोर चालायची," दर्शनी म्हणाली. "रोज. जोपर्यंत आई म्हणत नाही, आता दिसत नाही."

ती स्वेटरच्या कारखान्यात दोरे कापायचं काम करत होती आणि तिकडे असे कारखाने एकामागून एक बंद पडत होते. धावण्यात मात्र ती आपल्या बेटावर पहिली होती. तिथल्या क्रीडा खात्याने तिला शब्द दिला होता, की आंतरराष्ट्रीय वर्ग मिळाला तर मैदानावर नोकरी, लहान मुलांना पळायला शिकवायचं. हे वर्गाचं प्रकरण तिने मला समजावून सांगितलं. या खेळांत कुणाचं शरीर किती अडतं ते पाहून खेळाडूंचे वर्ग पाडतात. त्यांचे तज्ज्ञ स्पर्धेआधी तपासतात आणि त्यांनी वर्ग दिला तरच धावता येतं. तिच्या बेटावर असे तज्ज्ञ नव्हते. ही तपासणी तिची पहिलीच आणि तिच्यावर सगळं अवलंबून होतं.

"म्हणजे परीक्षाच की," आई म्हणाली. "मग तयारी नको?"

त्या संध्याकाळपासून तयारी सुरू झाली. आईने तिळाचं तेल ओव्याबरोबर तापवलं, हॉलमध्ये जुनी चादर अंथरली आणि दर्शनीला पालथं झोपवलं. खांद्यापासून बोटांपर्यंत, मांडीपासून टाचेपर्यंत. तेलाचा वास पडद्यांत भरून राहायचा. टीव्हीवर पप्पांच्या बातम्या, खिडकीतल्या एसीची घरघर आणि मध्येच आईचा आवाज, "सैल सोड. सोड म्हणते ना. ही बघ, ही गाठ सुटली." मालीश झालं की गरम पाण्याची आंघोळ. रोज. दर्शनी म्हणायची, तिचा हात इतका हलका कधीच वाटला नव्हता. शेवटच्या संध्याकाळी तिने डाव्या हाताची चारही बोटं एकेक करून अंगठ्याला टेकवून दाखवली आणि आईने तिच्यावरून बोटं मोडली. मी समोर बसून बायॉलॉजीचं पुस्तक वाचत होते. मला ते फार सुंदर वाटलं होतं. कडू गोष्टी आधी अशाच सुंदर दिसतात का, कोण जाणे.

तपासणीच्या सकाळी आईने दर्शनीसमोर दह्याची वाटी आणली. दर्शनीने उजवा हात पुढे केला. आई म्हणाली, "तो नव्हे. डावा कर. आज परीक्षा त्याची आहे." डाव्या तळहातावर दही खायला घेणं आमच्याकडे कुणी खपवून घेतलं नसतं, पण आईने घेतलं. तळहात सरळ, स्थिर. दही जराही हललं नाही. "असाच चांगला दाखव," आई म्हणाली.

दुभाषी म्हणून मी बरोबर गेले. मैदानाशेजारच्या इमारतीत एक लांब कॉरिडॉर होता आणि खुर्च्यांवर देशोदेशींची माणसं बसली होती. मोठ्या संघांबरोबर त्यांचे डॉक्टर, फिजिओ, एक्स-रेची पाकिटं. आमच्याबरोबर रामा सर आणि त्यांच्या हातात केळी. जाँची तपासणी आदल्या दिवशीच झाली होती, त्यामुळे तो निवांत होता. तो दर्शनीला क्रेओलमध्ये काहीतरी म्हणाला आणि ती लाजून हसली. मी विचारलं तर म्हणाली, "तो म्हणतो, कमी पडलं तर माझा एक पाय घेऊन जा. दोन आहेत, दोन्ही रिकामे."

आमच्या शेजारी एक उंच मुलगी बसली होती. तिच्या अंगावर घाम होता. तिची ट्रेनर तिला बाहेर पळवून आणून नुकतीच बसवत होती. तिच्या खांद्यावर हात ठेवून ती हळू आवाजात इंग्रजीत म्हणाली, "त्यांना इम्प्रेस करायला जाऊ नकोस, हनी. तुझा सगळ्यात वाईट दिवस दाखव." मी ते ऐकलं आणि मला आईचं मालीश आठवलं. मी दर्शनीकडे वळून मराठीत म्हटलं, "ऐक. जे जमत नाही ते जमवू नकोस. हात दमला तर दमू दे."

ती हसली. "आयो! परीक्षेत मुद्दाम नापास?"

"मुद्दाम नाही. फक्त झाकू नकोस."

तिने मान डोलावली. "वी. समजलं."

आत दोघं होते. पांढऱ्या दाढीचे एक डॉक्टर आणि त्यांची सहकारी. डॉक्टर फार चांगले होते. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण वाईट माणूस भेटला असता तर राग धरायला सोपं गेलं असतं. त्यांनी दर्शनीला प्रवास कसा झाला विचारलं, तिचं नाव दोनदा म्हणून बरोबर केलं, आणि हसून म्हणाले, "माझ्यासाठी एवढं करून दाखवशील?" बोटं अंगठ्याला लावायची. दोन्ही हात भराभर उलटेसुलटे करायचे. रेघेवरून टाचेला अंगठा लावून चालायचं. डाव्या पायावर उड्या मारायच्या. मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते आणि दर्शनी एकेक गोष्ट करत होती. तिचा चेहरा बघत होते मी. आरशासमोरची मुलगी होती ती. टाच आधी, खांदा वर, नजर समोर. डॉक्टर म्हणाले, "वेरी गुड," आणि तिचा चेहरा उजळला, आणि पुढची गोष्ट तिने आणखी चांगली केली. मी मध्येच म्हटलं, "दर्शनी, सावकाश," तर सहकारी बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "फक्त भाषांतर, प्लीज."

मग त्यांनी हाताचा ताण पाहिला, कोपर झटकन सरळ करून पाहिलं, गुडघ्यावर ठोकून पाहिलं, मैदानावर नेऊन पळायला लावलं. परत आल्यावर दोघं आत बोलत बसले आणि आम्ही कॉरिडॉरमध्ये. रामा सरांनी केळं सोलून दर्शनीच्या हातात दिलं. ते अर्धं खाऊन व्हायच्या आत दार उघडलं.

डॉक्टर स्वतः बाहेर आले. म्हणाले, डाव्या बाजूला थोडंसं काहीतरी आहे, पण ते किमान अटीत बसत नाही. तिला कुठलाच वर्ग देता येत नाही. मग माझ्याकडे पाहून, अगदी मायेने, म्हणाले, "तिला सांग, खरं तर ही गुड न्यूज आहे."

मला ते मराठीत सांगायचं होतं. तिच्या आईने जन्मभर जे वाक्य ऐकायची वाट पाहिली, जे ऐकून तिने देवळात नारळ फोडला असता, ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं आणि बाहेर पडत नव्हतं. मी म्हटलं, "ते म्हणतात, तुला धावण्यापुरतं काही झालेलं नाही. वर्ग मिळणार नाही."

दर्शनीने माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, आणि सवयीने हसली. "मेर्सी," ती म्हणाली. आभार मानले तिने.

रामा सर भांडले नाहीत असं नाही. ते त्यांच्या मोडक्या इंग्रजीत बराच वेळ बोलले. दुसऱ्या तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागता येते, पण त्यासाठी जुने वैद्यकीय अहवाल लागतात, असं त्यांना सांगितलं गेलं. अहवाल कुठून आणणार? तिच्या आईने डॉक्टरला दाखवलंच नव्हतं. बाहेर येऊन सर कट्ट्यावर बसले आणि मला म्हणाले, "पोरी, आम्ही लहान लोक. आम्हाला धावायला येतं, आजारी असायला येत नाही."

घरी आल्यावर आईने दारातच विचारलं, "काय झालं?" मी दमले होते. मी डॉक्टरांचंच वाक्य सांगितलं, की ते म्हणाले, तिला फारसं काही झालेलं नाही. आईने हात जोडले. तिचे डोळे भरून आले. "देव पावला गं बाई. चार दिवसांत गुण आला बघ. मोठमोठ्या डॉक्टरांनी सांगितलं!" आणि मी पुढचं वाक्य जुळवेपर्यंत तिने कढईत रवा टाकलासुद्धा. तूप, वेलदोडा, बेदाणे. घरभर शिऱ्याचा वास. दर्शनी खुर्चीत बसून राहिली होती. आईने तिच्यापुढे वाटी ठेवली, तिची अलाबला घेतली. ती शिरा खायला लागली. चांगला झालाय, म्हणाली. आणखी मागून घेतला.

पप्पांनी चमचा उचलला आणि सहज विचारलं, "मग धावणार कधी? कुठल्या दिवशी आहे? मी सुट्टी टाकतो."

"नाही धावणार," मी म्हटलं. "बरी आहे म्हणून नाही धावता येणार. नोकरीही नाही मिळणार."

पप्पांनी चमचा खाली ठेवला. "हा कुठला न्याय?"

आई एकदा माझ्याकडे आणि एकदा कढईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जीव धड आहे ना? मग झालं तर." पण तिचा आवाज मघाचा नव्हता.

शंभर मीटरच्या दिवशी आम्ही तिघी प्रेक्षकांत बसलो, दर्शनी, मी आणि आई. आईने डब्यात दशम्या आणल्या होत्या. आसपास अमेरिकन शाळांची मुलं झेंडे हलवत होती, त्यांना मॉरिशस कुठे आहे हे माहीत नव्हतं आणि त्या दिवशी तर तिथलं कुणी धावणारही नव्हतं. दर्शनीच्या वर्गात, म्हणजे जो तिचा झाला नाही त्या वर्गात, कॉरिडॉरमधली ती उंच मुलगी होती. धावायला लागली आणि मला वाटलं, ही किती सुरेख पळते. ती पहिली आली. तिच्या ट्रेनरने तिला उचलून घेतलं. आमच्या मागे बसलेल्या रामा सरांनी हातातलं वेळ मोजायचं घड्याळ पाहिलं, दर्शनीला दाखवलं आणि खिशात घातलं.

"ती माझ्याहून हळू आली," दर्शनी म्हणाली. तक्रार म्हणून नाही, नुसतंच सांगितल्यासारखं. थोड्या वेळाने म्हणाली, "मी ठरवलं होतं, झाकायचं नाही. पण ते डॉक्टर हसले ना, की हात आपोआप चांगला वागला. मला थांबवता नाही आला."

आई शेजारी दशमीचा तुकडा मोडत होती. तिने तो खाल्ला नाही.

मंडळाच्या सेक्रेटरींचा त्या आठवड्यात फोन आला. जाँ शेवटून दुसरा आला हे कळल्यावर ते म्हणाले, "अरेरे. असू दे, नेक्स्ट टाइम. आणि ती आपली मुलगी? डिसक्वालिफाय? म्हणजे काही गडबड होती का तिच्यात?" पप्पांनी पुढचं न ऐकता फोन ठेवला. पप्पांना असं करताना मी तेव्हाच पाहिलं, नंतर नाही. पुढे त्या फिजिओवाल्या क्षेत्रातल्या एका ओळखीच्याला मी विचारलं, की तेलाने आणि गरम पाण्याने असा फरक पडतो का? तो म्हणाला, थोडा पडतो, तात्पुरता, पण तेवढ्यावर निकाल ठरला असेल असं सांगता येणार नाही. म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही. मी हे उत्तर घरी सांगितलं नाही.

परत जायच्या सकाळी पप्पा तिची बॅग घेऊन खाली गेले. आईने तेलाची बाटली प्लास्टिकमध्ये गुंडाळून बॅगेत आधीच घातली होती. आता तिने नेहमीप्रमाणे दह्याची वाटी आणली. प्रवासाला निघताना द्यायचंच. दर्शनीने उजवा हात पुढे केला. आई हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "डावा कर. तोच बरा झालाय ना आपला."

दर्शनीने डावा हात पुढे केला. त्या दिवसांत मालीश झालं नव्हतं, झोप झाली नव्हती. तळहात उघडला आणि बोटं वळायला लागली. नेहमी अशा वेळी ती खांदा जरासा वर घ्यायची, मनगट दुसऱ्या हाताने सावरायची, हसून काहीतरी बोलायची. या वेळी तिने काहीच केलं नाही. हात तसाच धरला. मनगट खाली पडलं, थरथर वाढली, दही बोटांमधून ओघळलं आणि फरशीवर पडलं. तिने हात मागे घेतला नाही. आईच्या डोळ्यांसमोर धरून ठेवला.

आई त्या हाताकडे बघत राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "त्यांना असाच का नाही दाखवलास गं?"

"तुम्ही म्हणालात, काकू," दर्शनी म्हणाली, "चांगला दाखव."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. तिने वाकून आईच्या पायांना हात लावला, डावा हात जॅकेटच्या खिशात घातला आणि जिना उतरायला लागली, टाच आधी, मग पाऊल. खालून पप्पांनी व्हॅनचा हॉर्न दिला. मी तिच्या मागोमाग निघाले. वळून पाहिलं तर आई दारातच उभी होती, एका हातात वाटी, एका हातात चमचा, आणि पायाशी फरशीवर दही.

दर्शनीचं पत्र कधी आलं नाही. त्या वर्षी माझ्या परीक्षा हिवाळ्यात होत्या. पहिल्या पेपरच्या सकाळी मी बॅग भरून ओट्याशी जाऊन उभी राहिले. आईने लाटणं थांबवलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "नीट जा." आणि पुन्हा लाटायला लागली. त्यानंतर तिने मला कधी दही दिलं नाही. मीही हात पुढे केला नाही.